पहिल्या भेटीआधी दोन कागद: घराणं आणि नऊ महिने

सोलापुरात मी चौदा वर्षं लहान मुलांची हिस्ट्री घेते. डॉक्टरांच्या आधी तुमच्यासमोर वही उघडून जी बाई बसते, ती मी. तोवर पोरानं माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडलेला असतो, आई त्याचा हात ओढत असते, आणि वीस मिनिटांत मला त्याच्या जन्माच्या आधीपासूनचं सगळं काढून घ्यायचं असतं. ते वीस मिनिटांत निघत नाही. म्हणून हे लिहिते आहे. मुलाचं लक्ष लागत नाही, पायाला भिंगरी आहे, शाळेतून एडीएचडीचा शब्द कानावर आलाय आणि तुम्ही नंबर लावलाय, तर येण्याआधी घरी दोन कागद भरा. एकावर घराणं, दुसऱ्यावर पोटातले नऊ महिने. दोन्ही भरायचेच. एकच भरून आणलात तर तो कुणाच्या तरी अंगावर फेकायला वापरला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी माझी चूक सांगते. सुरुवातीला आमच्या छापील फॉर्मवर एक ओळ होती: गरोदरपणात धूम्रपान/तंबाखू, होय/नाही. मी ती वाचायचे, आई नाही म्हणायची, मी टिक करायचे. एकदा एक सासूबाई सुनेबरोबर आल्या होत्या. मी प्रश्न विचारताच त्याच पुढे होऊन म्हणाल्या, "आमच्यात तंबाखूला कोण शिवत न्हाई बाई." म्हणताना त्यांनी हात हलवला आणि मला त्यांच्या तर्जनीचं पेर दिसलं, काजळ पुसल्यासारखं काळं. सुनेचं बोट पाहिलं, तेही तसंच. मिश्री. तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजायची आणि तिची पूड करायची. काही भागांत तिला मशेरी म्हणतात. त्या दोघींच्या लेखी ती तंबाखू नव्हतीच, ते दात घासणं होतं. खोटं कुणी बोललं नव्हतं, प्रश्नच चुकला होता.

इथवर ठीक होतं. पण मी तिथल्या तिथे, सासूसमोर, सुनेला विचारलं, "मग दिवस गेल्यावरही लावत होता?" ती हळूच हो म्हणाली. सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग हिच्यामुळंच की." हिला मिश्री लावायला त्यांनीच शिकवली होती. ती आई पुढच्या तारखेला आली नाही. मुलगाही आला नाही. माझ्या एका प्रश्नानं त्या पोराचे उपचार सुरू व्हायच्या आधीच थांबले.

नऊ महिन्यांचा कागद

हा आईनं एकटीनं भरायचा, किंवा बहिणीला, मैत्रिणीला बसवून. सासरच्यांसमोर नाही, नवऱ्यासमोरही नाही.

प्रश्न असे विचारा. दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा? बाईनं "चार-पाचदा" म्हटलं की समजायचं, दातांसाठी कुणी पाचदा घासत नाही. पुडी किती दिवस पुरते? वजन कुणाला सांगता येत नाही, पण आठ दिवसांत पुडी संपते हे प्रत्येकीला माहीत असतं, तेच लिहा. दिवस गेल्याचं कळल्यावर कमी झालं की वाढलं? वाढतंसुद्धा. मळमळ होते म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून बायका दोन वेळच्या चार वेळा करतात. महिना आठवत नसेल तर सणाला धरा. गड्ड्याच्या (सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या) यात्रेला गेला होतात तेव्हा कितवा लागला होता? त्यावेळी लावत होता का? असं विचारलं की बरोबर आठवतं.

मग घरातला धूर. कोण ओढतं, कुठे बसून ओढतं? "ते बाहेरच ओढतात" हे उत्तर मी घेत नाही. बाहेर म्हणजे गल्लीत की दाराच्या उंबऱ्यावर? एका खोलीच्या घरात उंबरा म्हणजे घरच. स्वयंपाक चुलीवर व्हायचा का, तेही त्याच ओळीत लिहून टाका.

आणि सोलापुरात तरी कामाचा प्रश्न टाळू नका. आमच्याकडे पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि कापलेली पानं, हजार विड्यांमागे मजुरी; नववा लागला तरी बाई सुपापुढून उठत नाही. ती स्वतः आयुष्यात विडी ओढत नाही, त्यामुळे फॉर्मवर "नाही" येतं. पण निकोटीन कातडीतूनही अंगात जातं आणि जर्द्याची धूळ नाकातोंडात जाते. म्हणून लिहा: विड्या वळत होते, रोज अमुक तास, अमुक महिन्यापर्यंत.

शेवटी माता-बाल संरक्षण कार्ड शोधा. त्यावरून बाळाचं वजन आणि कितव्या आठवड्यात जन्म, हे दोन आकडे उतरवून घ्या. अडीच किलोच्या खाली असेल तर गोल करा. हे मी उगाच मागत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात तंबाखू ओढणाऱ्या नव्हत्या, लावणाऱ्या-खाणाऱ्या होत्या, आणि बहुतेक मिश्रीवाल्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. मिश्रीत धूर नाही म्हणून ती बिनधोक, असं जिला वाटतं तिला मी हाच आकडा सांगते.

आत काय घडतं ते थोडक्यात. निकोटीन वारेतून बाळाकडे जातं. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलायला जे रसायन वापरतात, त्याच्या कुलपात निकोटीनची किल्ली बसते, आणि बाळाच्या मेंदूत ही कुलपं फार लवकर तयार होतात. घडण चालू असताना नको त्या वेळी कुलूप उघडत राहतं. सिगारेट-विडीत वर आणखी कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो.

घराण्याचा कागद

हा वडिलांनी भरायचा, स्वतःच्या हातानं. मी यावर हटून बसते. "हिलाच विचारा, मला काय माहीत" म्हणणाऱ्याच्या हातात पेन देते.

"घराण्यात कुणाला एडीएचडी होतं का?" हा प्रश्न फुकट आहे. आजोबांच्या काळी हा शब्दच नव्हता. विचारायचं असं: शाळा कुणी अर्ध्यात सोडली आणि का? नोकऱ्या कुणी सारख्या बदलल्या? गाडीवरून वारंवार कोण पडतं? किल्ल्या, पावत्या, छत्र्या कोण हरवतं? घरात "हा जरा तसाच आहे" असं कुणाबद्दल बोलतात? काका, मामा, आत्या, मावशी, दोन्हीकडचे सगळे धरा. बायकांच्या बाबतीत जास्त खोदा. एका जागी न बसणारा मुलगा सगळ्यांच्या लक्षात राहतो. खिडकीतून बाहेर बघत बसणारी, भात करपवणारी मुलगी "वेंधळी" म्हणून सोडून दिलेली असते. तीही याच कागदावर यायला हवी.

मग वडिलांच्या आईला एकच प्रश्न: हा लहानपणी कसा होता? हा मी सासूबाईंसाठी राखून ठेवते. मघाचं तोंड एकदम हसरं होतं. "अगं, असाच! छपरावर चढायचा, मास्तर रोज घरी यायचे." लिहून घ्या, शब्दाला शब्द. या एका उत्तरानं मिश्रीवरून चाललेलं भांडण निम्मं थंड होतं.

त्याच्याच खाली वडिलांची तंबाखू, विडी, सिगारेट आणि कितव्या वर्षी लागली ते. ही ओळ या कागदावर का, नऊ महिन्यांच्या का नाही, ते पुढे सांगते. मुलाची सख्खी भावंडं असतील तर प्रत्येकाच्या वेळी आईची मिश्री चालू होती की बंद, ती भावंडं कशी आहेत, हेही जोडा.

कागद शेजारी ठेवल्यावर

इंटरनेटवर शोधलंत तर दोन तऱ्हेच्या बातम्या मिळतील. एक म्हणते, हा आजार जनुकांतून येतो. दुसरी म्हणते, आईच्या धूम्रपानामुळे होतो. आणि तिसरी, जी वाचून आया माझ्यासमोर रडतात, ती म्हणते, दोन्ही एकत्र आले की धोका कित्येक पट.

तिसऱ्या बातमीमागे खरे अभ्यास आहेत. २००३ साली अमेरिकेत सिनसिनाटीला १६१ मुलं तपासली. मेंदूतलं डोपामाइन आवरून ठेवणाऱ्या एका जनुकाचा ठरावीक प्रकार आई-बाप दोघांकडून मिळालेली मुलं एकीकडे, आईनं गरोदरपणी सिगारेट ओढलेली मुलं दुसरीकडे. नुसतं जनुक किंवा नुसता धूर असेल तर वळवळ आणि उतावीळपणा वाढलेला दिसला नाही. दोन्ही असेल तिथे दिसला. २००७ साली मिसुरीतल्या जुळ्यांवरच्या अभ्यासात आणखी एक जनुक धरलं. दोन्ही जनुकांचे ते प्रकार आणि वर पोटात असताना धूर, अशा मुलांमध्ये तीव्र स्वरूपाच्या एडीएचडीच्या शक्यतेचं गुणोत्तर, यातलं काहीच नसलेल्या मुलांच्या तुलनेत, नऊच्या घरात गेलं.

मी हे रानाच्या भाषेत सांगते, कारण समोरची निम्मी माणसं शेतीतली असतात. मालदांडी ज्वारी काळ्या रानात नुसत्या ओलीवर येते. तेच बी मुरमाड रानात टाका, मान टाकेल. दुसरं एखादं बी मुरमातही तग धरतं. नुकसान बी आणि रान यांच्या जोडीनं ठरतं. (जुन्या लोकांनी बाईला रान आणि पुरुषाला बी करून ठेवलंय, ते डोक्यातून काढा. इथे बी दोघांचं, निम्मं-निम्मं. रान म्हणजे ते नऊ महिने, आणि त्या रानावर उंबऱ्यावरच्या विडीचा धूरही येतो.)

पण खरी गोम पुढे आहे. बी आणि रान एकाच मालकाचं असेल तर उगवण कशामुळे गेली हे कसं ओळखणार? ज्या बाईला स्वतःलाच थोडं एडीएचडी आहे, तिला लवकर तंबाखू लागते आणि सुटायला जड जाते. तीच जनुकं ती मुलाला देते. मग मुलात जे दिसतं ते तंबाखूनं की जनुकांनी?

कार्डिफच्या अनिता थापर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली यावर फार हुशारीची वाट काढली. त्यांनी टेस्ट ट्यूब पद्धतीनं झालेली मुलं घेतली. काहींच्या वेळी बीज आईचंच होतं, काहींच्या वेळी दुसऱ्या बाईनं दिलेलं. म्हणजे रान हिचं, बी उसनं. धूम्रपान करणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन दोन्ही गटांत घटलं होतं. ते काम धुराचं, वादच नाही. पण लक्ष न लागण्याच्या लक्षणांशी धुराचा संबंध ठळक दिसला तो आईच्याच बीजाच्या मुलांत. २०१२ साली ब्रिस्टलच्या अभ्यासात तर बापाच्या धूम्रपानाचाही तसाच संबंध दिसला, आई ओढत नव्हती तिथेसुद्धा. म्हणून बापाची विडी मी घराण्याच्या कागदावर लिहायला लावते. स्वीडनमध्ये २०१४ साली आठ लाखांवर मुलांच्या नोंदी पाहिल्या, आणि ज्या आईनं एका वेळी ओढली, दुसऱ्या वेळी नाही, तिची सख्खी मुलं एकमेकांशी ताडली. फरक जवळजवळ उरला नाही.

झालं, मग सगळं जनुकांचंच? तसंही म्हणवत नाही. फिनलंडमध्ये २०१९ साली आईच्या शब्दावर न थांबता गरोदरपणी साठवलेल्या रक्तात कोटिनीन मोजलं. निकोटीनचं शरीरात जे होतं ते कोटिनीन. ते जितकं जास्त, तितकं मुलांत निदान जास्त. मला हा अभ्यास आवडतो, कारण बायका फॉर्मवर "नाही" लिहितात हे त्यांनाही माहीत होतं.

आणखी एक आकडा तुमच्या कानावर येईल: एडीएचडी ७४ टक्के आनुवंशिक. त्याचा अर्थ तुमच्या मुलाचा आजार ७४ टक्के तुमचा, असा होत नाही. पुष्कळ लोकांमध्ये जो कमी-जास्त फरक दिसतो, त्यातला किती जनुकांतल्या फरकाशी जुळतो, त्याचा तो आकडा आहे. एका पोराला तो लावताच येत नाही. जनुकंही एक-दोन नाहीत. अडतीस हजारांवर निदान झालेल्या लोकांचा अभ्यास २०२३ साली आला. त्यात जनुकांच्या साखळीवर २७ जागा सापडल्या आणि एकेकीचा वाटा चिमूटभर. म्हणून लाळेवरून जनुक तपासून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्या पैशात मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. वर्गात ऐकू येत नाही म्हणून लक्ष नसलेली पोरं मी कितीतरी पाहिली आहेत.

मग या कागदांचं करायचं काय

निदान या कागदांवरून होत नाही, हे आधी डोक्यात घ्या. त्यासाठी लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशी किमान दोन ठिकाणी दिसलेली लागतात. म्हणजे शाळेतल्या बाईंकडून चार ओळी हव्यातच. "दंगा करतो" नको. गणिताच्या तासाला किती वेळा उठला, वही कितीदा अर्धी सोडली, असं.

कागदांचा उपयोग वेगळा आहे. बाळ कमी वजनाचं, आधी जन्मलेलं असेल तर डॉक्टर बाकीच्या वाढीकडेही बारकाईनं बघतात. घराण्याच्या कागदावर बाप किंवा आई ठळक दिसली, तर माझं काम बदलतं. मुलासाठी रोजचं वेळापत्रक, लगेच शाबासकी, एका वेळी एकच सूचना, हे सगळं घरी चालवायचं असतं. ज्या आईचंच लक्ष टिकत नाही तिला हे तोंडी सांगून उपयोग नाही; मी ते मोठ्या अक्षरात लिहून देते आणि स्वयंपाकघरात मीठ-मिरचीच्या डब्याच्या वर चिकटवायला सांगते. कधी कधी तिलाच डॉक्टरांसमोर बसवते. पस्तिशीतल्या एका बाईनं आपलं स्वतःचं निदान ऐकून आधी हसून घेतलं आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

मुलाच्या उपचारात मात्र मिश्रीमुळे की घराण्यामुळे, यानं काही बदलत नाही. वागणुकीचं शिक्षण तेच, लागलं तर औषध तेच. झालेल्या नऊ महिन्यांचं ओझं घेऊन बसलेल्या आईला मी हेच सांगते आणि विषय पुढच्या बाळंतपणावर नेते. तिथे काहीतरी करता येतं. तंबाखूनं बाळाचं वजन घटतं हे पक्कं आहे, सोडायला तेवढं कारण पुरे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी नंबर मोफत आहे. गरोदर असाल तर निकोटीनचा चिकटपट्टा किंवा च्युइंगम डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. आणि मिश्री एकटी सुनेची सुटत नाही. तवा एकच असतो. सासूनं भाजायची थांबवली तरच घरातला तो वास जातो, आणि तो वास आला की बोट आपोआप डबीकडे जातं असं मला बायकांनीच सांगितलंय.

कागदांचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. घडी करून फाइलमध्ये ठेवा, डॉक्टरांना दाखवा, परत घ्या. माता-बाल कार्ड हौसेनं लॅमिनेट केलेलं असेल तर मागची बाजू वाचता येते ना, ते निघायच्या आधी बघा.

गेल्या महिन्यात एकानं आणलेला घराण्याचा कागद माझ्यासमोर आहे. नोकऱ्या: सात. अपघात: चार, त्यातला एक उभ्या ट्रकला. विडी: चौदाव्या वर्षापासून. सगळ्यात खाली, वेगळ्या पेनानं: "हिनं मिश्री लावली ते खरं आहे. पण पोरगं माझ्यावर गेलंय."